भेरेबाईंनी पास केलेलं घर

माझ्या स्कूटरवर मागे बसून भेरेबाईंनी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली एकोणीस घरं नापास केली. विसावं घर त्यांनी पास केलं आणि नेमकं तिथेच त्या चुकल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, आणि त्या चुकीसकट बाई मला इतक्या आवडतात की आज सगळी कामं बाजूला सारून हे लिहायला बसले आहे.

किन्हवलीच्या अलीकडे आमची शाळा. तिथे मी मराठी शिकवते आणि भेरेबाई विज्ञान शिकवायच्या. उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र शेवटच्या बाकापर्यंत. पाचवारी साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. प्रयोगशाळेत एकदा पायावर ॲसिड सांडलं, तेव्हापासून त्यांनी चपलेला रामराम ठोकला तो कायमचा. लग्नाला जातानाही तेच बूट. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची, पण स्टाफरूमचा उंबरा ओलांडला की त्या सरळ आपल्या गावच्या बोलीत यायच्या. ‘सुवर्णा, चहा घेतेस काय गो?’ ही हाक आली की मला कळायचं, तास संपला.

कुठलीही गोष्ट करून बघितल्याशिवाय बाई मानत नसत. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी नवीन खडू आणले. बिनधुळीचे खडू म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये पाच मिनिटं कौतुक केलं. बाई उठल्या, एक अख्खा खडू फळ्यावर झिजवला आणि फळ्याखाली मुख्याध्यापकांचा काळा कोट धरला. मग कोट सगळ्यांना फिरवून दाखवला. ‘धूळ आहे,’ एवढंच म्हणून खाली बसल्या. मुख्याध्यापक महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते.

आमच्या स्टाफची सहल दरवर्षी ठरायची आणि दरवर्षी मोडायची. कोणाच्या घरी लग्न, कोणाची भातकापणी, कोणाचा नुसताच कंटाळा. गेल्या वर्षी मात्र जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी बाईंनी जाहीर केलं की मे महिन्यात त्या रिटायर होणार आणि त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत, सगळ्यांनी दोन दिवस एका घरात राहायचं. समोर डोंगर असलेलं आख्खं घर. आपणच आपले. अकराच्या अकरा माणसं.

आम्ही मोजलं. आम्ही दहाच होतो.

‘देसले धरून अकरा,’ बाई म्हणाल्या.

देसलेसर आमच्याकडे कार्यानुभव शिकवायचे, म्हणजे सुतारकाम. शाळेतला एकही बाक, एकही खिडकी अशी नव्हती जिला त्यांचा हात लागला नव्हता. आणि स्टाफरूममध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याची त्यांनी टोपी उडवली नव्हती. त्याच्या तीन वर्षं आधी घरचे आंबे काढताना ते झाडावरून पडले. हात शाबूत राहिले, जीभ शाबूत राहिली, पाय मात्र कायमचे गेले. चाकांची खुर्ची आली. वर्षभराने एका नातेवाइकाच्या लग्नात चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर चढवलं. खुर्ची कलंडली, बायका ओरडल्या, कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. त्या दिवसानंतर देसलेसर घराच्या ओटीबाहेर पडले नाहीत. आम्ही भेटायला गेलो की हसायचे, पण विनोद करायचे नाहीत. ते आम्हाला फार जड जायचं.

बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सहलीचं ऐकताच देसलेसरांनी मान हलवली.

‘नाय बाई. मी काय गणपती हाय, उचलून न्यायला नि उचलून आणायला?’

‘कोणी उचलणार नाय.’

‘पायऱ्या आल्या की उचलतात. दारं अरुंद असली की उचलतात. लोकांना पुण्य लागतं ना.’

‘देसले, मी शब्द देते. गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत तुमाला एक माणूस उचलणार नाय.’

‘आणि उचलायची पाळी आली तर?’

‘तर गाडी तिथूनच माघारी. आणि तुमच्या गाडीत मी पण.’

‘लिहून द्या,’ सर म्हणाले. त्यांना वाटलं असावं, बाई हसण्यावारी नेतील. बाईंनी माझ्या वहीचं पान फाडलं, हे सगळं लिहिलं, सही ठोकली आणि कागद त्यांच्या हातात दिला. देसलेवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तीन वर्षांत घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

निघताना बाईंनी पुड्याची तागाची सुतळी मागून घेतली. सरांच्या खुर्चीची रुंदी, चाकाच्या कडेपासून चाकाच्या कडेपर्यंत, तिने मोजली आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. या दोन गाठींच्या मधली सुतळी म्हणजे देसलेसर. ती ज्या दारात लोंबेल ते दार नापास. ती ताठ होऊनही चौकटीला पोचणार नाही ते दार पास.

मी म्हटलं, ‘बाई, मीटरचा टेप घ्या की सरळ. माझ्याकडे आहे.’

‘घे,’ त्या म्हणाल्या. ‘करून बघू.’

पहिल्याच रविवारी करून बघितलं. डोळखांबच्या वाटेवर एक छान बंगला होता. मी फाटकाशी टेप काढून एकदा सर्रकन ओढून बघितला मात्र, आतला राखणदार पळत आला आणि त्याने फाटकाला कुलूप घातलं. आमच्या भागात रस्त्यांसाठी इतक्या मोजण्या झाल्या आहेत की टेप घेतलेली दोन माणसं दिसली की लोकांना वाटतं, जमीन गेली. आम्ही शिक्षिका आहोत हे पटवायला बाईंनी त्याला कुलपाच्या पलीकडून पचनसंस्था समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, पण कुलूप काही काढलं नाही. तेव्हापासून टेप बाद आणि सुतळी कायम.

सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आमचे सगळे रविवार असे गेले. मागे बसून बाई माझा उजवा खांदा दाबायच्या की उजवीकडे वळायचं, डावा दाबला की डावीकडे. दोन्ही दाबले की थांबायचं, कारण बाईंना ओढा दिसलेला असायचा. प्रत्येक ओढा कुठल्या डोंगरातून येतो आणि कुठल्या नदीला मिळतो हे त्या मला उभ्या उभ्या सांगायच्या. भात पोटरीला आलेलं, दोन्ही बाजूंना हिरवंगार, आणि ह्या मागून ओरडताहेत, ‘सुवर्णा, बघ गो, बघ! अशी वाट सोडून लोक थंड हवेच्या ठिकाणी मरायला जातात!’ मला सुरुवातीला ह्या रविवारांचा राग यायचा. तिसऱ्या रविवारी मी घड्याळाच्या आधी उठून स्कूटर पुसत होते.

बाईंनी या कामासाठी प्रयोगवही घातली होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळे रकाने आखलेले. साहित्यात लिहिलं होतं: सुतळी एक, तूरडाळ मूठभर, पातेली एक, मराठी शिक्षिका एक. डाळीची भानगड अशी की जिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही तिथे अकरा माणसं दोन दिवस नेण्यात अर्थ नाही, असा त्यांचा नियम होता. घर बघायला गेलं की मालक आम्हाला समोरची बाग दाखवायला निघायचा आणि बाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात. तिथे राखणदाराची बायको असायची. डाळ चुलीवर चढवायची आणि तिच्याशी गप्पा मारत बसायचं. डाळ शिजेपर्यंत त्या घराची सगळी हकिगत बाहेर यायची. मोटर कधी बिघडते, लाइट कधी जाते, शनिवारी शेजारच्या बंगल्यात किती मोठ्याने गाणी लावतात. एका ठिकाणी तासभर होऊन गेला तरी डाळ टणक ती टणक. बाईंनी एक दाणा दाताखाली धरून बघितला आणि म्हणाल्या, ‘देसलेचे पाय गेलेत, दात तरी राहू देत.’

माहुलीच्या बाजूला एका हौशी मालकाने लाकडी घर बांधलं होतं. फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘शॅले’ लिहिलेलं. मालक हाफ पँटमध्ये, फार प्रेमळ माणूस. उभ्या उतरत्या छपराकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बाई, हे अस्सल युरोपातलं डिझाइन. छप्पर इतकं उभं का, तर बर्फ घसरून खाली पडावा.’

‘पडतो?’ बाईंनी विचारलं.

‘तसं नव्हे, कन्सेप्ट आहे.’

आत सगळाच कन्सेप्ट होता. हॉलमधून जेवायच्या जागी उतरायला चार पायऱ्या, झोपायला माळ्यावर, माळ्यावर जायला शिडी. बाईंनी सुतळी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. वहीत लिहिलं: निरीक्षण, घर बर्फासाठी तयार आहे, बर्फ नाही. निष्कर्ष, नापास. निघताना त्या मालकाला गंभीरपणे म्हणाल्या, ‘बर्फ पडला तर फोन करा हां, पोरांना दाखवायला आणीन.’ तो बिचारा ‘नक्की’ म्हणाला.

पंधराव्या घरानंतर माझा धीर सुटला. त्या घरात रंग बदलणारे दिवे लावलेला तलाव होता, आंब्याला झोपाळा होता, आणि प्रत्येक बाथरूमच्या दारात सुतळी लोंबत होती. परतताना मी चिडून म्हटलं, ‘बाई, रिसॉर्टला जाऊ या ना. तिथे रॅम्प असतात, रुंद दारं असतात, सगळं असतं.’

त्यांनी माझे दोन्ही खांदे दाबले. मी थांबले. ओढा वगैरे काही नव्हता.

‘रिसॉर्टला दोनशे माणसं असतात, सुवर्णा. दोनशे माणसं त्याला बघतील. पोरं आईला विचारतील, त्या काकांना काय झालंय. म्हणून मला आख्खं घर पायजे. आपली दहा माणसं बघून झालीत त्याला. ती आता नाय बघत.’

त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

विसावं घर टोकावड्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला होतं. परतीच्या पावसाने त्या दिवशी आम्हाला वाटेत धुऊन काढलं. बाईंची पिशवी निथळत होती, वही त्यांनी पोटाशी धरून वाचवली. मालकाने हे घर आपल्या म्हाताऱ्या आईसाठी बांधलं होतं, म्हणून कुठेही पायरी नव्हती. अंगणातून ओटीवर सिमेंटचा सोपा उतार. राखणदार यशवंतदादा नि त्यांची बायको दोघंही बोलकी. डाळ वीस मिनिटांत लोण्यासारखी झाली. आणि ओटीवर उभं राहिलं की समोर नाणेघाटाची ती भिंत, तिच्यावरून दहा-बारा धबधबे एकदम कोसळताहेत.

बाई दारामागून दार मोजत निघाल्या. पुढचं दार पास. हॉल पास. खोली पास. शेवटी खोलीतल्या बाथरूमचं दार. बाईंनी दार उघडून ओली सुतळी त्या दारापासून समोरच्या चौकटीपर्यंत ताणून धरली. सुतळी ताठ, आणि गाठीपलीकडे एक बोट जाईल एवढी जागा.

‘पास गो! पास!’ बाई अक्षरशः किंचाळल्या. त्यांनी यशवंतदादांच्या बायकोला मिठी मारली, मग मला मारली. ‘पास नाय, डिस्टिंक्शन!’ तिथून सरळ देसलेसरांच्या घरी गेलो, ओल्या कपड्यांनी. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वहिनींना म्हणाले, ‘माझा तो चौकड्याचा शर्ट कुठं ठेवलास गो?’

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. टेम्पो ट्रॅव्हलर घराच्या उताराशी थांबली, तिच्यामागे सरांसाठी ठरवलेली ठेंगणी मोटार. देसलेसरांनी स्वतः घडवलेली सागाची गुळगुळीत फळी होती. ती त्यांनी सीटवरून खुर्चीवर टेकवली आणि हातांच्या जोरावर सरकत खुर्चीत आले. बाईंनी आम्हाला आधीच तंबी दिली होती की बघायचं नाही. त्यामुळे आम्ही सगळे रांगेत उभे राहून डोंगराकडे टक लावून बघत होतो, मुख्याध्यापकांसकट.

‘काय रे,’ मागून आवाज आला, ‘डोंगर काय पहिल्यांदा बघताव काय?’

तीन वर्षांनी ऐकला तो सूर. सर दोन्ही हातांनी चाकं ढकलत उतार चढून ओटीवर पोचलेसुद्धा होते. बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला नीट सांगता येणार नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल लागला तेव्हासुद्धा मी तो पाहिला नव्हता.

जेवणं झाली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखत होती, कारण सर आता सुटलेच होते. मुख्याध्यापकांच्या घोरण्याची नक्कल झाली, माझ्या कवितेच्या तासाची झाली. मग सर आत गेले. मी ताटं उचलून खोलीवरून चालले होते तेव्हा मला ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग काहीच नाही.

मी डोकावले. खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली होती. दोन्ही चाकं चौकटीत येऊन थांबली होती, अर्धा इंच कमी पडत होता. वहिनी हळू आवाजात म्हणत होत्या, ‘मी उचलते. आपण दोघंच हाव इथं, कोणाला कळणार पण नाय.’

‘नको,’ सर म्हणाले. त्यांनी चौकड्याच्या शर्टाच्या खिशातून तो घडी घातलेला कागद काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाईंना बोलव. सांग गाडी काढायला.’

बाई आल्या. त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. पिशवीतून सुतळी काढली आणि सरांच्या डोक्यावरून पहिल्यासारखीच दारात धरली. सुतळी लोंबली. त्यांनी परत धरली. परत लोंबली. मग त्या सुतळीकडे बघत राहिल्या आणि एकदम मटकन खाली फरशीवर बसल्या.

‘ओली होती गो,’ त्या मला म्हणाल्या. ‘त्या दिवशी ओली होती.’

मला क्षणभर कळलंच नाही.

‘ताग पाणी पितो, फुगतो, आणि आखूड होतो. पावसाळ्यात बाज कशी ताणून बसते? एकतीस वर्षं पोरांना शिकवते मी. आखूड झालेल्या सुतळीनं मी दार मोजलं.’ त्यांचा आवाज फुटला. भेरेबाईंचा आवाज. ‘देसले, चूक माझी. शब्द माझा. गाडी काढते, मी पण येते तुमच्यासंगती.’

आणि त्या खरंच उठल्या. समजावणं नाही, विनवणी नाही, ‘एवढ्या एका वेळेला’ वगैरे काही नाही. कोपऱ्यातली आपली बॅग त्यांनी ओढली आणि वाळत घातलेला टॉवेल तिच्यात कोंबायला लागल्या. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला आणि रडूही आलं.

देसलेसर मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते. आत उघडून उभं असलेलं दार. त्यांनी त्याच्या कडेवर अंगठा ठेवला, मग बोट, मग परत अंगठा.

‘बाई, टॉवेल ठेवा खाली.’

‘नको देसले, शब्द म्हणजे...’

‘ठेवा म्हणतो ना! चौकट रुंद हाय. ही दाराची फळी मधे उभी राहते म्हणून अडतंय. सव्वा इंचाची फळी हाय ही.’ त्यांचा हात खुर्चीमागच्या पिशवीत गेला आणि पेचकस घेऊन बाहेर आला. दोन वर्षं घरात बसलेल्या माणसाच्या पिशवीत पेचकस होता! ‘सुवर्णा, खोबरेल आण. स्क्रू गंजलेत. बाई, तुमी दार धरा. सरळ धरा! आठवीच्या पोरींना जमतं नि तुमाला जमत नाय काय?’

खालची आणि मधली बिजागरी त्यांनी स्वतः सोडवली, खुर्चीतून वाकून, कपाळावर घाम. वरचीपर्यंत हात पोचेना, तेव्हा त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली आणि मी आत शिरून स्टुलावर चढले आणि त्यांच्या शिव्या खात तीन स्क्रू काढले. ‘दाबून फिरव! कविता नाय ती!’ तोवर सगळा स्टाफ खोलीत जमला होता. दार निघालं. बाई आणि मुख्याध्यापक ते बगलेत धरून बाजूला झाले. सरांनी चाकं मागे घेतली, नीट रोखली आणि पुढे ढकलली. चौकटीचा रंग किंचित खरवडला. खुर्ची आत होती.

जो ओरडा झाला तो ऐकून यशवंतदादा अंगणातून काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. बाथरूमला आता दार नव्हतं, म्हणून बाईंनी ग्रुप फोटोसाठी घेतलेली कोरी केशरी साडी बॅगेतून काढली आणि चौकटीवर पडदा लावला. नियम केला की आत जाईल त्याने आत असेपर्यंत मोठ्याने गायचं. मुक्काम संपेपर्यंत आम्ही प्रत्येकाचा गळा ऐकला. मुख्याध्यापक शाळेची प्रार्थना म्हणायचे, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि आम्ही बाहेर उभं राहून शेवटी ‘विश्राम’ म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यावर निघाले. घराच्या मागून कापलेल्या भाताच्या बांधावरून दहा मिनिटांची पायवाट, शेवटी चांगली उतरण. तिथे खुर्ची जाण्यातली नव्हती. वहिनीसुद्धा गेल्या, सरांनी त्यांना दटावून पाठवलं. मी साबण विसरले म्हणून परत आले तर ओटीवर बाई विळी घेऊन कांदे चिरत बसलेल्या, आणि त्यांच्याशेजारी सर डोंगराकडे तोंड करून.

‘बाई, तुमी का नाय गेलाव?’ सरांनी विचारलं.

‘मला पाण्याची कुठं आवड?’

दोन तालुक्यांतल्या सगळ्या ओढ्यांवर मला थांबवणारी बाई हे बोलत होती. मी तोंड उघडणार होते, पण सरच म्हणाले,

‘खोटं बोलायला पण जमत नाय तुमाला. माझ्यासाठी बसलाव ना?’

बाई कांदा चिरत राहिल्या. ‘कोणीतरी पायजे ना इथं.’

‘कशाला पायजे?’ सर डोंगरावरून नजर न काढता म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘बाई, तीन वर्षं झाली. एक घटकाभर मला कोणी एकट्याला बसू दिला नाय. चहा पायजे काय, पंखा लावू काय, उशी देऊ काय. माझी माणसं चांगली हायत, त्यांचं काय चुकत नाय. पण आज हा डोंगर नि मी, दोघंच बसू द्या. जा तुमी.’

बाईंचा हात थांबला. त्यांनी सरांकडे बघितलं. विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि उठल्या.

मे महिन्यात बाई रिटायर झाल्या आणि मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मुलं रडली, मीही रडले. पण बाईंची आठवण काढली की त्यातलं काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. येते ती त्या सकाळची पायवाट. मी साबण हातात घेऊन मागे, आणि पुढे भेरेबाई, साडीचा ओचा खोचून, बांधावरून जवळजवळ उड्या मारत चाललेल्या. त्यांनी एकदाही वळून ओटीकडे बघितलं नाही. उतरणीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यांना खाली पाण्यात बसलेला सगळा स्टाफ दिसला, आणि तिथूनच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, त्यांनी हाळी दिली, ‘सरका रे, सरका! मी येतेय!’